डोंगा तलावावर नेण्याचे दिवस

परवा मूल गावच्या बाजारात शिंगाडे दिसले. उकडलेले, काळे, ओल्या गोणपाटाखाली झाकलेले. विकणारी बाई ओळखीची नव्हती. तिनं एक फोडून पांढरा गर माझ्या हातावर ठेवला. "खाऊन पाहा बाई, गोड हाये." मी खाल्ला. गोड असावा. तीन वर्षं आमच्या घरी शिंगाडा उकडला नाही आणि मी काही विचार न करता अर्धा किलो घेऊन आले. घरी आल्यावर पिशवी कुठं ठेवावी ते सुचेना. शेवटी चुलीमागं ठेवून दिली.

हे दिवस दरवर्षी सारखेच येतात. हलका, लवकर येणारा धान पिवळा पडतो. धानाच्या बांधीतलं पाणी उतरतं आणि खालचा चिखल उघडा पडून त्याचा आंबूस वास गावभर राहतो. सकाळी वैनगंगेवर धुकं असतं, पलीकडचा काठ दिसत नाही, फक्त तिकडच्या माणसांचं खोकणं ऐकू येतं. मंडईच्या जत्रेचे आणि नाटकांचे कागद भिंतीवर चिकटतात. बाया घोळक्यानं कापणीला निघतात. जंगलाच्या कडेनं जायचं म्हणून वाघाच्या धाकानं मोठ्यानं बोलत, हसत जातात. त्या घोळक्यात गप्प असणारी मी एकटीच. आमच्या जाऊबाई म्हणायच्या, "हिले मधात चालवा वो. ही अशी चुप राह्यली तं वाघाले वाटंन आपलंच जंगल हाये." सगळ्या हसायच्या. मीही हसायची, पदराआड.

याच दिवसांत आमचा डोंगा, आमची लांब लाकडी होडी, नदीवरून तलावावर जायचा. आम्ही पाण्यावर जगणारी माणसं. पावसाळ्यात नदी, आणि पाऊस सरला की जंगलातल्या तलावात शिंगाडा. वेल लावायला डोंगा लागत नाही, कमरेएवढ्या पाण्यात उतरून लावता येतात. तोडायला मात्र लागतो. डोंग्यात बसायचं, हातानं वेल उचलायचा, उलटा करायचा, खालची फळं खुडायची आणि वेल परत पाण्यात सोडायचा. शिंगाड्याला दोन्ही बाजूंनी काटे. दिवसभरात बोटं टोचून टोचून पांढरी पडतात आणि पाण्यानं अशी फुगतात की भात कालवताना आपलीच बोटं आपल्याला परकी वाटतात. मला ते आवडायचं. तलावात कोणी काही विचारत नाही.

मी लग्न होऊन आले तेव्हा डोंगा बैलबंडीवरून जायचा. पुरा दिवस लागायचा. नंतर दोघा भावांनी मिळून जुनी पिकअप घेतली. डोंगा अकरा हात लांब आणि गाडीचा डाला, मागचा उघडा हौदा, जेमतेम सहा हात. मागचा फाळका उघडा टाकला तरी जवळजवळ अर्धा डोंगा बाहेर लोंबायचा आणि खड्ड्यात आपटायचा. मग ह्यांनी, म्हणजे माझ्या माणसानं, एका वेल्डिंगवाल्याकडून शेपूट करून आणलं. शेपूट हे आमच्या घरचं नाव. गाडीच्या खाली मागच्या बाजूला एक चौकोनी नळी पक्की बसवलेली, तिच्यात दुसरी नळी शिरते आणि मागं चार हात बाहेर येते. तिच्या टोकाला उभा खांब, खांबावर आडवी पट्टी. डोंग्याचं मागचं टोक त्या पट्टीवर टेकतं. दोन्ही नळ्यांना आरपार भोक, त्यातून बोटाएवढी जाड पिन. पिनीच्या टोकाला एक लहान काटा अडकवायचा, केसांच्या काट्यासारखाच, फक्त जाड. पिन नळ्यांना धरते आणि काटा पिनीला धरतो.

हे शेपूट खरं तर एका जंगल कॅम्पसाठी केलेलं. तिथल्या पाहुण्यांना तलावात फिरवायला रंगीत प्लास्टिकच्या लांब होड्या होत्या. कयाक म्हणतात त्यांना. आमच्या गाडीनं त्या एका तलावावरून दुसऱ्या तलावावर जायच्या. कॅम्पवाल्यांनी ह्यांना बांधायची पद्धत शिकवली आणि ह्यांनी ती मला अंगणात दाखवली, कारण गाठी माझ्या पक्क्या. माझे वडील जाळं विणायचे. होडी पालथी घालायची. वजन जास्तीत जास्त डाल्यात राहील असं पाहायचं, शेपटावर नुसतं टोक. खाली जुन्या ट्यूबचे तुकडे, म्हणजे सरकत नाही. पुढची दोरी दोन बाजूंना फाकवून समोरच्या कड्यांना. मधली आडवी, डाल्याच्या कड्यांना. मागची शेपटाच्या पट्टीला. दोरीला एक पीळ द्यायचा, नाही तर वाऱ्यात भणभणते. टोकाला लाल फडकं. मागचा दिवा आणि नंबर झाकू द्यायचा नाही. आणि थोडं अंतर गेल्यावर थांबून सगळ्या दोऱ्या पुन्हा ओढून पाहायच्या, कारण नवी बांधलेली दोरी पहिल्या धक्क्यांत ढिली पडते.

हे सगळं मला पाठ होतं. आजही आहे.

घरात भासरे होते. ह्यांचे मोठे भाऊ. मोठ्या दिरासमोर धाकट्या भावाच्या बायकोनं बोलायचं नाही, ही आमच्याकडची रीत. डोक्यावर पदर, नजर खाली, आणि काही सांगायचं झालं तर मधल्या माणसाकरवी. मधलं माणूस म्हणजे जाऊबाई, त्यांची बायको. त्या नसल्या तर बकरी. मी बकरीला म्हणायची, "भात वाढला म्हणावं." भासरे बकरीला म्हणायचे, "येतो म्हणावं, हात धुतो." एकदा वरणात मीठ नव्हतं, तेव्हा ते बकरीला म्हणाले, "काऊन वं, तू आज मीठ चाटून गेली का?" मी चुलीपाशी तोंड दाबून हसले. बावीस वर्षं असं चाललं. त्यात कधी अडलं नाही. कोणाला जाच वाटला नाही, मलाही नाही. उलट मला ते बरं होतं. न बोलण्याला रीत होती, म्हणून माझं न बोलणं कोणाला दिसत नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, डोंगा निघायचा होता. दोन दिवसांपासून आभाळ भरून होतं. कापलेला धान बांधीत पडलेला, लोक आभाळाकडं पाहत होते. हे म्हणाले, "भाऊ, पालथा घालून नेऊ. पाणी आलं तं भरन नाई."

भासरे म्हणाले, "डोंगा पालथा घालून नेते का कोणी?"

"कॅम्पवाले तं तसेच नेतात."

"त्याईची होडी हाये, त्याईनं उभी नेवो का आडवी. आपल्या घरातून पालथा डोंगा निघत नाई."

हे खरं होतं. आमच्याकडं घरातलं माणूस गेलं की तेरवीपर्यंत डोंगा काठावर पालथा घालून ठेवतात. पालथा डोंगा दिसला की लोक लांबूनच विचारतात, कोण गेलं. म्हणून लोकांच्या होड्या आम्ही पालथ्या न्यायचो आणि आमचा डोंगा उताणा. जाऊबाईंनी त्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मी गाठी मारल्या. पुढची, मधली, मागची. मागची गाठ मारायला वाकले तेव्हा मला पिन दिसली. पिन होती. काटा नव्हता.

हे गाडीत बसून इंजिन सुरू करून होते. भासरे शेपटापासून दोन हातांवर, मोटरसायकलला टेकून उभे. डोंग्याचं टोक आरशात दिसत नाही म्हणून ते दरवर्षी गाडीच्या मागं मोटरसायकलनं जात, शेपटावर नजर ठेवायला. मी तशीच उभी राहिले. भासऱ्यांसमोर ह्यांनाही हाक मारता येत नव्हती. जाऊबाई घरात गेल्या होत्या, प्रसादाचं खोबरं आणायला. मला वाटलं, त्या येतील. आल्या की त्यांना सांगीन, त्या भासऱ्यांना सांगतील. अंगणात त्या वेळी बकरीसुद्धा नव्हती. मी दाराकडं पाहत होते. घरातून विळीचा आवाज येत होता. खोबरं किसत होत्या. ह्यांनी हॉर्न दिला. भासऱ्यांनी मोटरसायकलला किक मारली.

जाऊबाई खोबरं घेऊन बाहेर आल्या तेव्हा गाडी वळणावर होती. "अवं, गेले बी?" त्या म्हणाल्या. "तोंड गोड न करता गेले." मी म्हणाले, "हो." तेवढंच म्हणाले. त्यांना तरी सांगायचं होतं. पण गाडी गेली होती. आता सांगून काय, असं मनात आलं, आणि मी खोबऱ्याचा चमचा घेतला.

रस्त्यात पाऊस लागला. उताण्या डोंग्यात पाणी साचत गेलं. मागचं टोक पट्टीवर जरा उतरतं होतं, सगळं पाणी तिकडं गेलं. टोकाचं वजन वाढलं. एका गतिरोधकावर गाडी उचलली आणि पिन उडाली. नळी नळीतून निसटली. शेपूट रस्त्यावर पडलं, डोंगा त्याच्यामागं घसरला. माझ्या गाठी सुटल्या नाहीत. दोरीच तुटली. भासरे जवळ होते, रस्ता ओला होता.

ते वाचले. कमरेखालचं काही हलत नाही.

त्या दिवसांतलं मला फार आठवत नाही. दवाखान्याच्या फरशीचा रंग आठवतो, हिरवट. चपला बाहेर काढायच्या आणि परत येईपर्यंत कोणीतरी घालून गेलेलं असायचं. जाऊबाई रडायच्या, मी त्यांच्या पाठीवर हात ठेवायची. मला रडू आलं नाही. लोक म्हणाले, हिचा जीव घट्ट आहे. घट्ट नव्हता. शिंगाडे तोडून आल्यावर बोटांना निखारा लागला तरी कळत नाही, तसं काहीसं होतं. ते बोटांचं दुसऱ्या दिवशी जातं.

जाऊबाईंचे गुडघे गेलेले. त्यांच्यानं भासऱ्यांना उचलणं होत नाही. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते. ते काम माझ्याकडं आलं. ज्या माणसाच्या सावलीतून मी बाजूला व्हायची, त्यांच्या काखेत हात घालून त्यांना वळवते. पाठ पुसते, पावडर लावते. ते भिंतीकडं पाहतात, मी त्यांच्या खांद्याकडं. अंगाला हात लागला, पण तोंड उघडलं नाही. हात लावायला दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलं. बोलायला कोणी सांगितलं नाही, म्हणून ती रीत तशीच राहिली.

ह्यांना वाटायचं, काटा लावायला आपण विसरलो. ते तसं म्हणाले नाहीत, पण शेपूट घरामागं नेऊन टाकलं आणि परत डोंगा वाहिला नाही. कॅम्पच्या होड्याही नाही. विटा वाहिल्या, धान वाहिला. ताटात भात तसाच ठेवून उठायचे. भासरे येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "मीच मांगं होतो ना. नजर ठेवाले होतो अन् नजर रस्त्यावर होती." दोघे भाऊ आपापली चूक धरून बसले. माझी कोणाला माहीत नव्हती. मी दोघांच्या मधून ताटं नेत होते, ताटं आणत होते. शेपटावर दोडक्याचा वेल चढला. मी दोडके तोडून भाजी करायची. लोखंड गंजत होतं, दोडके चांगले लागायचे.

या वर्षी मच्छीमार सोसायटीकडून निरोप आला की तलाव पडून आहे, तुम्ही नाही आलात तर दुसऱ्याला देऊ. आषाढात ह्यांनी पाण्यात उतरून वेल लावले. मला वाटलं, तोडायचे दिवस येतील तेव्हा काही तरी कारण निघेल. दिवस आले. ह्यांनी डोंग्याच्या चिरेवर पत्रा ठोकला, वर डांबर लावलं. शेपटावरचा वेल काढला. नळ्यांना ग्रीस लावताना मी त्यांना खिडकीतून पाहत होते. हात थांबत होता, पुन्हा चालत होता.

भासऱ्यांची कूस बदलायची वेळ होती. दुपार होती. जाऊबाई बांधीवर गेलेल्या. मी त्यांना वळवलं, पाठीमागं उशी लावली. ते भिंतीकडं तोंड करून. मी जायला निघाले आणि दारातच थांबले. डोंगा उद्या सकाळी निघणार होता. मी भिंतीला म्हणाले, "त्या दिवशी पिनीले काटा नव्हता. मले दिसलं होतं."

एक कोंबडी आत आली, मी तिला हाकललं.

"कोणाले दिसलं होतं?" ते भिंतीलाच म्हणाले.

"मले."

"मंग?"

"जाऊबाईची वाट पाहून राह्यली होती. त्या घरात होत्या."

"मी तं तिथीच होतो."

"तुमच्यासमोर बोलत नाई म्हणून."

त्यांच्या घशातून आवाज आला. हसले की काय, कळलं नाही. मग म्हणाले, "मलेबी एकदा वाकून पाहाले काय झालं होतं? तवा तं कंबर धड होती." आणि विचारलं, "त्याले सांगितलं?"

"नाई."

"त्याले सांग. तीन वरसं झाली, धड जेवत नाई तो."

मला वाटलं होतं, सांगितलं की काही तरी होईल. रडू येईल, हलकं वाटेल, निदान पाय कापतील. काही झालं नाही. मी बाहेर आले, हात धुतले, वाळत घातलेला धान पायानं फिरवला. पायाला धान ऊन लागत होता, एवढं कळत होतं.

ह्यांना जेवायच्या आधी सांगितलं. ते विळा घासत होते. ऐकलं आणि घासत राहिले. मग म्हणाले, "मंग एवढी वरसं काऊन चुप होती?"

"सांगता आलं नाई."

"मी रोज तीच गोष्ट पाहत होतो. हात खिशात घालतो, काटा काढतो, लावतो का नाई लावत, तेवढं दिसत नाई." विळा ठेवला. "तुले दिसत होतं." जेवायला बसले. पुरं जेवले की नाही ते मी पाहिलं नाही, उठून पाणी आणायला गेले.

सकाळी भासऱ्यांची खाट अंगणात आणली. गाडी मागं घेतली, शेपूट बसवलं. चार माणसांनी डोंगा उचलला तेव्हा भासरे म्हणाले, "पालथा घाला."

जाऊबाई पुढं आल्या. "काय बोलून राह्यले? घरातून पालथा निघंन? लोक काय म्हणतीन?"

"लोक विचारतीन कोण गेलं. सांगजो, कोणी नाई गेलं, पाणी साचू नये म्हणून."

"मले नाई पटत."

"पटू नोको. नारळ फोड."

त्यांनी फोडला. हळदकुंकू डोंग्याच्या पाठीवर लावलं, आणि पदर तोंडाला लावून घरात गेल्या. मी गाठी मारल्या. हे दोरीचं दुसरं टोक धरून होते. माझ्याकडं पाहत नव्हते, पण मी जिथं ओढायची तिथं दोरी सोडत होते. सगळं झालं तेव्हा चार माणसं अंगणात उभी, हे गाडीत चढायला निघाले, आणि भासरे म्हणाले, "थांबा. धाकलीनं पाह्यलं का?"

ते माझ्याकडं पाहत होते. मी पदर पुढं ओढला. माझ्या मनात जाऊबाई आत गेल्या ते दार होतं, पण मी तिकडं पाहिलं नाही.

"पाह्यलं," मी म्हणाले.

"काय पाह्यलं ते सांग. मले इथून दिसत नाई."

मी सांगितलं. पुढची दोरी ताठ आहे. मधली दोन पीळ देऊन बांधली. ट्यूब जागेवर आहे. दिवा दिसतो. पिन आहे, काटा आहे, काटा फिरवून पाहिला. आवाज बारीक होता. चार परकी माणसं ऐकत होती. "वाटेत थांबून दोऱ्या ओढून पाहा म्हणा," मी म्हणाले, आणि हे तिथंच उभे होते म्हणून पुन्हा म्हणाले, "पाहाल."

"पाहतो," हे म्हणाले.

गाडी गेली. मागं मोटरसायकलवर कोणी नव्हतं. भासरे म्हणाले होते, कोणी जायचं नाही मागं.

मग वाट पाहणं. मी अंगण झाडलं. भांडी घासली. चुलीमागची शिंगाड्यांची पिशवी ओली झाली होती, ती बाहेर काढून शिंगाडे सुपात पसरले. जाऊबाई वाटाण्याच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. नंतर त्या शेजारी गेल्या. ऊन खाटेवर आलं तसं मी आणि शेजारच्या माणसानं खाट आत घेतली.

फोन वाजला. दरवेळी हे जाऊबाईंच्या फोनवर करतात, कारण निरोप भासऱ्यांना द्यायचा असतो. या वेळी माझा वाजला. मागं पाण्याचा आवाज होता आणि बगळ्यांचा. "पोचलो," हे म्हणाले. "एकदा थांबून दोऱ्या पाह्यल्या. भाऊले सांग." फोन ठेवला.

मी दारात गेले. भासरे जागे होते. छताकडं पाहत होते, हात छातीवर.

"पोचले," मी म्हणाले.

त्यांनी डोळे मिटले. मी उभी राहिले. त्यांच्या छातीवरचे हात वर जात होते, खाली येत होते. मी विचारलं, "कूस बदलू का?"

"राहू दे आता," ते म्हणाले. "बस जराशी."

मी उंबरठ्यापाशी बसले.